स्लॉपी जो घरी करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्लॉपी जो म्हणजे नेमके काय?

बारीक केलेले बीफ, म्हणजेच बीफचा खिमा, कांद्यासह परतून टोमॅटोच्या आंबटगोड सॉसमध्ये आळवायचा आणि हॅम्बर्गरच्या मऊ बनमध्ये भरून गरम खायचा, असा हा अमेरिकी पदार्थ आहे. बर्गरमध्ये खिम्याची टिक्की असते, इथे मात्र खिमा सुटाच राहतो आणि त्याला बांधून ठेवण्याचे सारे काम सॉसकडे असते. खाताना हात आणि हनुवटी माखणारच हे गृहीत धरलेले असते. अमेरिकेत लहानपण गेलेल्या बहुतेकांना तो शाळेच्या उपाहारगृहात पहिल्यांदा भेटतो आणि तिथला पाणचट, अतिगोड खिमा खाऊन अनेकांचे त्याच्याविषयी कायमचे वाईट मत होते. घरी केलेला स्लॉपी जो निराळा लागतो, कारण खिम्यातील पाणी आटवायला आणि सॉस आळवायला लागणारा वेळ घरच्या स्वयंपाकघरात देता येतो. पुढील बहुतेक उत्तरे या ना त्या वाटेने पाण्याच्या याच प्रश्नाकडे येतात.

हा पदार्थ आला कुठून?

यावर एकमत नाही. सर्वाधिक सांगितली जाणारी हकीगत आयोवा राज्यातील सू सिटी या गावाची आहे. आयोवात सुट्या खिम्याचे सँडविच आधीपासून चालत होते. मस्कटीन गावात 1926 साली सुरू झालेली ‘मेड-राइट’ ही दुकानांची साखळी त्यावरच उभी राहिली. सॉस नसलेल्या, वाफेवर शिजवलेल्या या सँडविचला तिकडे ‘लूज मीट’ किंवा ‘टॅव्हर्न’ म्हणतात. सू सिटीतील जो नावाच्या एका आचाऱ्याने 1930 च्या दशकात त्यात टोमॅटो सॉस घातला आणि पदार्थाला त्याचे नाव मिळाले, असे आयोवावाले सांगतात. दुसरा दावा हवाना शहरातील आणि फ्लोरिडातील की वेस्ट येथील ‘स्लॉपी जोज’ नावाच्या मद्यालयांचा आहे. ही मद्यालये खरी आहेत आणि अर्नेस्ट हेमिंग्वे तिथे जात असे हेही खरे आहे, परंतु टोमॅटोच्या सॉसमधला खिमा तिथेच जन्मला याला नावाच्या साम्यापलीकडे फारसा आधार दिसत नाही. महामंदीच्या काळात थोड्या मांसात कांदा, सॉस आणि पाव मिसळून अधिक माणसे जेवू घालण्याची गरज घरोघरी होती. त्यामुळे असा पदार्थ एकाच वेळी अनेक चुलींवर शिजू लागला असावा, असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

न्यू जर्सीत ‘स्लॉपी जो’ मागवल्यावर वेगळेच सँडविच का आले?

न्यू जर्सीच्या उत्तर भागात, विशेषतः साउथ ऑरेंज आणि त्याच्या परिसरातील डेलींमध्ये, म्हणजे सँडविच आणि तयार खाद्यपदार्थ विकणाऱ्या दुकानांमध्ये, हे नाव एका थंड सँडविचला दिलेले आहे. राय ब्रेडच्या तीन पातळ चकत्यांमध्ये मांसाचे काप, स्विस चीज, कोलस्लॉ आणि रशियन ड्रेसिंग असे त्याचे स्वरूप असते. एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींची समारंभाचे जेवण मागवताना गफलत होऊ नये म्हणून हा उल्लेख केला.

खिमा कोणता घ्यावा? पाकिटावरील 80/20 चा अर्थ काय?

पहिला आकडा चरबीविरहित मांसाची टक्केवारी सांगतो आणि दुसरा चरबीची. अमेरिकी नियमांनुसार ग्राउंड बीफमध्ये 30 टक्क्यांहून अधिक चरबी असता कामा नये. स्लॉपी जोसाठी 85/15 सर्वांत सोयीचा ठरतो, कारण खिमा परतायला लागणारी चरबी त्यातूनच सुटते आणि सॉसवर जाड तवंगही येत नाही. 80/20 चवीला अधिक भरदार असतो, परंतु एक पौंड खिम्यात सुमारे 90 ग्रॅम चरबी असल्याने सुटलेली चरबी काढून टाकावी लागते. 93/7 घेतल्यास चमचाभर तेल आधी घालावे, अन्यथा खिमा कोरडा आणि चरबरीत होतो. ‘चक’ म्हणजे खांद्याकडील मांसाचा खिमा मिळाल्यास तो निवडावा. हलाल खाटकाकडून खिमा करून घेत असाल तर मध्यम जाडीचा मागावा. कबाबांसाठी दोनदा काढलेला खिमा सॉसमध्ये चिखलासारखा होतो.

चार जणांसाठी प्रमाण किती?

एक पौंड म्हणजे 454 ग्रॅम खिम्यात चार भरगच्च किंवा पाच बेताची सँडविच होतात. त्यासाठी एक मध्यम कांदा, अर्धी हिरवी ढोबळी मिरची, लसणाच्या दोन पाकळ्या, एक मोठा चमचा टोमॅटो पेस्ट, पाऊण कप केचप, अर्धा कप पाणी, एक मोठा चमचा वूस्टरशर सॉस, एक लहान चमचा पिवळा मस्टर्ड सॉस, एक मोठा चमचा ब्राऊन शुगर, एक लहान चमचा व्हिनेगर, अर्धा लहान चमचा मीठ आणि ताजी मिरपूड घ्यावी. कप 240 मिलिलिटरचा धरला आहे. केचप आणि वूस्टरशर दोन्हींत मीठ असते, त्यामुळे मिठाचे शेवटचे माप सॉस आळल्यानंतर चव पाहूनच ठरवावे. ब्राऊन शुगरऐवजी गूळ चालतो.

कृती कशी करावी?

रुंद आणि जाड बुडाचे भांडे, शक्यतो बिडाचे, चांगले तापवावे. खिमा त्यात पसरून दोन-तीन मिनिटे अजिबात न हलवता ठेवावा आणि खालचा भाग तपकिरी झाल्यावर लाकडी कलथ्याने तो फोडून परतावा. पाणी आटून खिमा चरचरू लागला की कांदा आणि ढोबळी मिरची बारीक चिरून घालावी आणि दोन्ही मऊ होईपर्यंत परतावी. नंतर लसूण आणि टोमॅटो पेस्ट घालून, पेस्टचा भडक लाल रंग विटकरी होईपर्यंत मिनिटभर हलवावे, कारण कच्च्या पेस्टचा तुरट वास नंतर सॉसमधून जात नाही. मग व्हिनेगर वगळून उरलेले सगळे जिन्नस घालावेत, बुडाला लागलेला तपकिरी थर कलथ्याने खरवडून सॉसमध्ये मिसळावा आणि मंद आचेवर, झाकण न ठेवता, पंधरा ते वीस मिनिटे आळू द्यावे. व्हिनेगर शेवटी घातल्यास त्याचा आंबटपणा टवटवीत राहतो.

खिमा तपकिरी होतच नाही. राखाडी होऊन पाण्यात शिजत राहतो. असे का?

घरच्या स्लॉपी जोची चव बहुधा इथेच बिघडते, म्हणून हे जरा सविस्तर पाहू. मांसात वजनाच्या निम्म्याहून अधिक पाणी असते आणि खिमा करताना स्नायूंचे तंतू तुटल्यामुळे ते तापल्याबरोबर बाहेर पडते. भांड्यात पाणी आहे तोवर तिथले तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूपलीकडे, म्हणजे 100 अंश सेल्सियसपलीकडे, जात नाही. मांसाला खमंगपणा आणि तपकिरी रंग देणारी प्रक्रिया, जिला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या नावावरून मायार अभिक्रिया म्हणतात, ती त्याहून बऱ्याच वरच्या तापमानाला वेगाने घडते. याचा अर्थ असा की, सुटलेले पाणी आटण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने पाणी सुटत राहिले तर खिमा परतला न जाता उकडला जातो.

उपाय या कारणातूनच निघतात. भांडे रुंद असावे म्हणजे पाण्याला उडून जायला पृष्ठभाग मिळतो. खिमा टाकण्याआधी ते पुरेसे तापलेले असावे आणि फ्रीजरमधला खिमा पूर्ण सुटा झाल्याशिवाय वापरू नये. कांदा खिम्याबरोबर किंवा आधी घालण्याचा मोह टाळावा, कारण कांद्याचे पाणी त्यात भर घालते. आपल्याकडे मसाल्याची सुरुवात कांदा परतून होते, त्यामुळे हा क्रम उलटा वाटेल, पण या पदार्थात तो लाभतो. दोन पौंडांपेक्षा अधिक खिमा असेल तर दोन हप्त्यांत परतावा. शिवाय सगळाच खिमा तपकिरी करण्याचा हट्ट धरू नये. एक बाजू खरपूस झाली की पुरे, कारण सगळा खिमा कडक केला तर सॉसमध्येही त्याचे खडे दाताखाली येत राहतात.

पौंडाला पाव लहान चमचा खाण्याचा सोडा थोड्या पाण्यात विरघळवून खिम्याला चोळून पंधरा मिनिटे ठेवल्यास मांसाची आम्लता घटते, ते कमी पाणी सोडते आणि लवकर तपकिरी होते. त्याहून अधिक सोडा घातल्यास साबणासारखी चव येते.

सुटलेली चरबी काढावी का?

80/20 असेल तर काढावी, पण भांडे कोरडे करू नये. मोठा चमचाभर चरबी कांदा परतण्यासाठी ठेवावी. काढलेली चरबी सिंकमध्ये ओतू नये, ती थंड होऊन नळीत गोठते आणि नळ दुरुस्त करणाऱ्याला बोलवावे लागते. रिकाम्या डब्यात ओतून घट्ट झाल्यावर कचऱ्यात टाकावी.

सॉस किती आळलेला असावा?

भांड्याच्या तळातून कलथा ओढला असता मागे पडलेली वाट क्षणभर तशीच राहिली आणि मग सॉस हळूहळू तिच्यात परत आला, तर तो बरोबर आळला आहे. वाट लगेच बुजली तर आणखी पाच मिनिटे द्यावीत आणि बुजलीच नाही तर दोन-तीन चमचे गरम पाणी घालावे. सॉस उतरवल्यानंतर दहा मिनिटांत आणखी घट्ट होतो, म्हणून आच किंचित आधी बंद करणे श्रेयस्कर. पातळ सॉस दुरुस्त करण्यासाठी कॉर्नफ्लोअर लावण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिलेला आढळतो. त्याने सॉस दाट होतो खरा, पण चकाकणारा आणि बुळबुळीत होतो आणि चव पाणचटच राहते, कारण जादा पाणी आतच अडकून पडते.

फार गोड लागतो. काय करावे?

गोडाचा मुख्य स्रोत केचप आहे. एका मोठ्या चमचाभर केचपमध्येच सुमारे चार ग्रॅम साखर असते, म्हणजे पाऊण कपात ती पन्नास ग्रॅमच्या जवळ जाते. त्यावर आणखी ब्राऊन शुगर पडते. मराठी जिभेला जेवणातला गोडवा परका नाही, पण एवढा नको वाटणे स्वाभाविक आहे. ब्राऊन शुगर पूर्ण वगळावी आणि केचप निम्मा करून उरलेल्या जागी साधा टोमॅटो सॉस, म्हणजे डब्यातला बिनसाखरेचा, घालावा. तरीही गोड वाटल्यास व्हिनेगर किंवा मस्टर्ड थोडा वाढवावा. तिखट हवे असल्यास लाल तिखटाबरोबर स्मोक्ड पॅप्रिकाही वापरून पाहावी.

गरम मसाला, आले, धने-जिरे घातले तर चालेल का?

चालेल, पण मग तो खिमा पाव होईल, आणि खिमा पाव करायचा असेल तर तो नीट खिमा पावासारखाच करावा. मुंबईतील इराणी हॉटेलांत मिळणाऱ्या खिम्याचा पाया आले, लसूण, हिरवी मिरची आणि खडा मसाला हा असतो आणि टोमॅटो तिथे दुय्यम असतो. स्लॉपी जोचा पाया टोमॅटो, व्हिनेगर आणि वूस्टरशर यांचा आहे. दोन्ही एकत्र केले की केचपचा गोडवा गरम मसाल्याशी भांडतो आणि दोघांचेही काही उरत नाही. पहिल्यांदा तरी मूळ चवीने करावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्यानंतर एखादी हिरवी मिरची आणि वरून कच्चा कांदा घेतल्यास कोणाची तक्रार असू नये.

वूस्टरशर सॉस नसेल तर?

दोन लहान चमचे सोया सॉस, अर्धा लहान चमचा व्हिनेगर आणि चिंचेच्या कोळाचे दोन-चार थेंब यांनी काम भागते. मूळ वूस्टरशर सॉसमध्येही चिंच असतेच. त्यात अँकोव्ही नावाचे मासेही असतात, तेव्हा घरात कोणाला माशांची ॲलर्जी असेल तर बाटलीवरील घटकांची यादी वाचावी.

डब्यातला तयार सॉस वापरण्यात काही गैर आहे का?

गैर काहीच नाही. हंट्स कंपनीने 1969 मध्ये ‘मॅनविच’ हा डब्यातला सॉस बाजारात आणला आणि अमेरिकेतील असंख्य घरांत स्लॉपी जो म्हणजे मॅनविच असेच समीकरण झाले. एक पौंड खिम्याला एक डबा, एवढे सोपे गणित आहे. तो वापरतानाही खिमा वर सांगितल्याप्रमाणे खमंग परतावा, एक कांदा घालावा आणि शेवटी थोडे व्हिनेगर टाकावे. यामुळे डब्याची एकसुरी चव पुष्कळ सुधारते. मात्र केचप, मस्टर्ड आणि वूस्टरशर घरात असतील तर डबा विकत घेण्याने वेळ फारसा वाचत नाही.

खिमा पूर्ण शिजला हे कसे ओळखावे?

अमेरिकेच्या कृषी खात्याने बीफच्या खिम्यासाठी 160 अंश फॅरनहाइट, म्हणजे 71 अंश सेल्सियस, हे आतील तापमान ठरवले आहे. सलग तुकड्यावर जिवाणू मुख्यतः पृष्ठभागावर असतात, पण खिमा करताना हा पृष्ठभाग आतपर्यंत मिसळला जातो, म्हणून स्टेकला चालते ते कच्चेपण खिम्याला चालत नाही. 1993 मध्ये एका हॅम्बर्गर साखळीतील अर्धवट शिजलेल्या बर्गरमधून ई. कोलाय जिवाणूची मोठी लागण झाली आणि चार मुले दगावली. त्यानंतर 1994 मध्ये तेथील सरकारने या जिवाणूचा ओ157:एच7 हा प्रकार कच्च्या खिम्यात आढळल्यास तो खिमा दूषित मानण्याचे ठरवले. रंगावर विसंबू नये. काही वेळा खिमा सुरक्षित तापमानाच्या आधीच तपकिरी दिसतो. सुट्या खिम्याचे तापमान घ्यायचे असल्यास तो भांड्याच्या एका कडेला ढीग करून त्यात थर्मामीटर खुपसावा.

स्लॉपी जोच्या बाबतीत सॉससह पंधरा मिनिटे उकळी मिळत असल्याने खिमा कच्चा राहण्याची शक्यता तशी कमीच असते. अधिक धोका कच्च्या खिम्याचे हात, पाट आणि कलथा बन किंवा कोशिंबिरीला लागण्याचा असतो. कच्चा खिमा फ्रीजमध्ये दोन दिवसांपलीकडे ठेवू नये आणि धुऊ तर मुळीच नये, त्याने जिवाणू सिंकभर उडतात आणि खिम्यात नको असलेले पाणी वाढते.

बन भिजून त्याचा लगदा होतो. काय करावे?

बनच्या आतील दोन्ही बाजूंना लोणी लावून तव्यावर सोनेरी होईपर्यंत भाजावे. भाजलेला थर आणि लोण्याचा पातळ लेप सॉसला काही मिनिटे थोपवतो. बटाट्याचा बन मऊ असूनही टिकतो. ब्रिओश गोड असल्याने मी टाळते. चीजची चकती खालच्या बनवर, खिम्याच्या खाली, ठेवावी. सँडविच भरून ठेवू नये, ताटात वाढतानाच भरावे. मुंबईच्या लादी पावात भरायचे असल्यास सॉस अधिक घट्ट ठेवावा, कारण तो पाव सॉस फार पटकन शोषून घेतो.

स्लो कुकरमध्ये करता येईल का?

येईल, पण कच्चा खिमा थेट घालू नये. तो आधी परतून घ्यावा, म्हणजे खमंगपणा येतो आणि चरबीही काढता येते. झाकण बंद असल्याने पाणी आटत नाही, म्हणून कृतीतील अर्धा कप पाणी वगळावे.

उरलेला खिमा किती दिवस टिकतो?

शिजल्यापासून दोन तासांच्या आत, आणि हवा 32 अंश सेल्सियसहून गरम असेल तर तासाभरात, उथळ डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवावा. तिथे तो तीन-चार दिवस आणि फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने चांगला राहतो. बन त्याच्यासोबत ठेवू नयेत. दुसऱ्या दिवशी चव मुरून सुधारते, आणि उरलेल्या खिम्यावर अंडे फोडून पोळीशी खाल्ल्यास तो स्लॉपी जो होता हे आठवतही नाही.

महाराष्ट्रात किंवा गोव्यात हे करता येईल का? बीफ खात नसल्यास काय घ्यावे?

महाराष्ट्रात गोवंशहत्येला बंदी आहे. गायीपुरता असलेला जुना कायदा 2015 मध्ये बैल आणि वळूंनाही लागू करण्यात आला. म्हशी-रेड्याचे मांस या बंदीत येत नाही आणि मुंबईत बीफ म्हणून विकले जाते ते हेच. त्यात चरबी कमी असते, म्हणून दोन मोठे चमचे तेल घालावे आणि शिजवायला दहा-पंधरा मिनिटे अधिक द्यावीत. गोव्यात बीफ कायदेशीररीत्या विकले जाते. बीफ न खाणाऱ्या कुटुंबांसाठी टर्कीचा किंवा चिकनचा खिमा चालतो, मात्र त्याचे तापमान 165 अंश फॅरनहाइट, म्हणजे 74 अंश सेल्सियस, गाठले पाहिजे आणि त्याची चव सौम्य असल्याने वूस्टरशर दीडपट घ्यावा. मटणाचा खिमा या सॉसमध्ये मला आवडत नाही. त्याचा उग्र वास केचपला दाबून टाकतो.

शाकाहारी करता येतो का?

उत्तम होतो, आणि त्यासाठी कराड-कोल्हापूरच्या ढाब्यांवर मिळणाऱ्या अख्ख्या मसुराइतके योग्य दुसरे काही नाही. एक कप अख्खा मसूर आधी वेगळा, दाणा मोडणार नाही इतपत, शिजवून घ्यावा. टोमॅटोच्या आंबटात कच्चा मसूर घातल्यास तो तासभर शिजत नाही. थोडे मश्रूम अगदी बारीक चिरून, कोरडे परतून घातल्यास मांसासारखा भरीवपणा येतो. वूस्टरशर मासेविरहित घ्यावा. सोया ग्रॅन्यूल्स वापरायचे असल्यास भिजवून घट्ट पिळावेत.

सोबत काय द्यावे?

बटाट्याचे वेफर्स, आंबट काकडीचे लोणचे आणि कोलस्लॉ ही नेहमीची साथ आहे. आंबट लोणचे वगळू नये, गोड सॉसला तेच आवर घालते.

वीस-पंचवीस जणांसाठी करायचा असेल तर?

पाच पौंड खिमा पुरतो. खिमा तीन हप्त्यांत परतून मोठ्या पातेल्यात एकत्र करावा. सगळे जिन्नस पाचपट घ्यावेत, पाणी मात्र केवळ एक कप घालावे, कारण खोल पातेल्यात ते फार सावकाश आटते. आळवायला पाऊण तास धरावा आणि बूड लागू नये म्हणून अधूनमधून तळापासून ढवळत राहावे. पाहुणे टप्प्याटप्प्याने येणार असतील तर खिमा 140 अंश फॅरनहाइट, म्हणजे 60 अंश सेल्सियसच्या वरच ठेवावा. त्यासाठी स्लो कुकर ‘वॉर्म’वर लावून ठेवणे सर्वांत सोपे पडते. बन मात्र आगाऊ न भाजता, ओव्हनच्या ट्रेमध्ये एका वेळी डझनभर या हिशेबाने, मंडळी येतील तसे भाजावेत.